भिंत रंग धरत नाही, याबद्दल आत्याला

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण जमिनीवर पसरायला जागा नाही. पुढच्या खोलीत आकाशी रंगाच्या सालपटांचा खच पडला आहे, पालथा पडलो तर उठताना अंगाला चिकटून येतील. (भिंतीला चिकटत नाहीत, मला मात्र चिकटतात. काल केसांतून सहा निघाली.) तेव्हा उभ्यानेच नमस्कार, पण मनापासून. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो तो डावा की उजवा हे विसरलो, जो असेल त्याची चौकशी केली असं समज. कानाचं यंत्र लावतेस का? लावत नसशीलच, म्हणून तर फोन न करता लिहितो आहे. मागच्या वेळी तू फोनवर "काय? कॉलेज सोडलं?" असं जे विचारलंस ते आमच्या तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं, आणि बाबांना ती बातमी तळमजल्यावरच्या शिंप्याकडून कळली.

आई मजेत आहे. सकाळी शाळेत शिकवते, संध्याकाळी मागच्या खोलीत शिकवण्या घेते आणि मधल्या वेळात माझ्याकडे बघून उसासे टाकते. बाबा, म्हणजे तुझे धाकटे बंधू, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जातात, येतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असलो तरी आईला सांगतात, "त्याला म्हणावं, चपला नीट काढ." मीही आईलाच सांगतो, "त्यांना म्हणावं, काढल्यात." एवढं सोडलं तर घरात शांतता आहे. कॉलेजचं तुला कुणी काही सांगितलं असेल तर ते खोटं आहे. खरं असं की प्रयोगशाळेत सर म्हणाले, तुझं उत्तर चुकलं. मी म्हणालो, तुमचं यंत्र चुकलं. शब्दाने शब्द वाढला, माझं डोकं फिरलं, आणि मी "पुन्हा या वर्गात पाऊल ठेवणार नाही!" असं बजावून दाणकन दार आपटून निघून गेलो. ते दार सामानाच्या कपाटाचं होतं. आता एवढं बजावल्यावर लगेच बाहेर कसं येणार? तास संपेपर्यंत चाळीस मिनिटं आत काचेच्या नळ्यांमध्ये उभा राहिलो. बाहेर सगळा वर्ग बसलेला, चिडीचूप. त्यानंतर कोणत्या तोंडाने परत जायचं, तूच सांग. (स्वाभिमान आपल्या घराण्यात आहेच. तूही एकदा वधूवरांच्या पंगतीतून ताटावरून उठून चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत जाऊन बसली होतीस, असं बाबा सांगतात.)

तर मुद्दा भिंतीचा. आमच्या पुढच्या खोलीचा जुना गिलावा पोकळ झाला होता, टिचकी मारली की रिकामा डबा वाजल्यासारखा वाजायचा. बाबांनी तो खाली उतरवला आणि नवा गिलावा करायला समोरच्या घरातले गवंडीकाका आले. आत्या, माणूस बघण्यासारखा आहे. चाळीस वर्षं हातात थापी. गिलावा झाला की डोळे मिटून तळवा भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात, आणि कुठे केसभर उंचवटा लागला की बोट तिथेच थांबतं. मी मागून तळवा फिरवून पाहिला, मला फक्त भिंत लागली. काम संपल्यावर मला म्हणाले, "भडक्या, तू मोकळाच आहेस ना? सकाळ-संध्याकाळ नळी लावून भिंतीला पाणी मारायचं. सात दिवस. सात मोजता येतात ना? मग तीन आठवडे भिंतीला हात लावायचा नाही. वाळली की खुशाल रंग दे." आणि दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या एका कामावर जायला लागले. सूर्य उगवायच्या आत बाहेर, मावळल्यावर घरात.

मी पाणी मारलं. अगदी मन लावून मारलं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. (या वेळा पाण्याच्या दाबामुळे ठरल्या. समोरच्या गॅलरीत याच वेळांना गवंडीकाकांची मुलगी कुंड्यांना पाणी घालते याचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. ती नकाशे काढायच्या एका कचेरीत कामाला आहे, नऊला निघते आणि सव्वापाचला येते, एवढंच मला माहीत आहे. आणि केसांत पेन्सिल खोचते. आणि ती विसरून घरभर पेन्सिल शोधते. बाकी काही माहीत नाही.) अकरा कुंड्या आहेत. गुलाब, शेवंती, कोरफड, कसली कसली नावं नसलेली पानं, आणि टोकाला एक निवडुंग. आत्या, या मुलीची माया काय सांगू, ती निवडुंगालासुद्धा दिवसातून दोनदा पाणी घालते! दोन तांबे! इतकं मऊ काळीज मी पाहिलेलं नाही. पाणी मारून झालं की मी खोली स्वतः पुसून घ्यायचो. आई म्हणाली, कॉलेज सोडल्यापासून पोरगा सुधारला.

गिलावा होऊन अठ्ठावीस दिवस झाले. एकोणतिसाव्या दिवशी मी रंग द्यायला घेतला. रंगारी बोलवायचा नाही असं मीच ठणकावलं होतं, कारण बाबा आईला म्हणाले होते, "त्याला म्हणावं, एक तरी काम शेवटाला ने." मग काय, पेटलोच. आकाशी रंग निवडला. (समोरच्या गॅलरीचे गज आकाशी आहेत, हा योगायोग.) डबा उघडला, रोलर बुडवला आणि साईसारखा घट्ट हात दिला. तीन दिवसांत तीन हात. खोली अशी दिसायला लागली की बाबा दारात थांबले आणि आईकडे न वळता, थेट माझ्याकडे बघून "हं" म्हणाले. दीड वर्षातला पहिला थेट शब्द! त्या "हं"वर मी चार दिवस तरंगत होतो.

पाचव्या दिवशी खिडकीशेजारी एक फोड आला, पुरीएवढा. मी बोटाने दाबला, तर आत पोकळ. नखाने कोपरा उचलला आणि हळूच ओढला. आत्या, तुला सांगतो, तो येतच राहिला. दुधावरची साय निघावी तसा खिडकीपासून कपाटापर्यंत टॉवेलाएवढा अखंड पापुद्रा माझ्या हातात आला. खाली भिंत कोरी करकरीत, जणू मी तिच्या कधी वाटेलाच गेलो नव्हतो. रागाच्या भरात दुसरीकडे ओढलं, तिथे चादरीएवढा निघाला. संध्याकाळपर्यंत निम्मी खोली सोलून झाली. बाबा आले, त्यांनी पाहिलं, आणि आईला म्हणाले, "त्याला म्हणावं—" पण पुढचं वाक्यच सुचेना, तेव्हा नुसतेच आत गेले. ते मला जास्त लागलं.

मी तो टॉवेल खांद्यावर टाकला आणि तडक रंगाच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती, ते बरंच झालं. मी टॉवेल गल्ल्यावर झटकून पसरला आणि म्हणालो, "हा तुमचा रंग. घडी घालून ठेवा, थंडीत उपयोगी पडेल!" दुकानदाराने चष्मा लावला, पापुद्रा उलटा केला, बोट फिरवलं आणि विचारलं, "पहिला हात पाणी घालून पातळ दिला होता? नवा गिलावा आहे ना, त्याला पहिला हात प्यायला द्यायचा असतो. घट्ट दिला तर वरच्या वर राहतो." मी म्हणालो, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्याने डबा फिरवून दाखवला. चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आता डब्यावरचं वाचत बसायचा स्वभाव असता तर मी कॉलेजातच नसतो का राहिलो? पण मग तो पुन्हा पापुद्र्याच्या मागच्या बाजूला बोट लावून म्हणाला, "नुसता घट्टपणा नाही हा. मागून ओल आहे. भिंत वाळलीच नव्हती." आणि गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गवंडी कोण?"

इथून प्रकरण बिघडलं. कारण मी तोंड उघडायच्या आत गर्दीतला आमचा शिंपी म्हणाला, "यांच्या समोरचेच की." दोन दिवसांत ते चहाच्या टपरीवर पोचलं, आणि बाबा तिथे चौघांदेखत बोलून गेले, "म्हाताऱ्याचा हात गेला. अठ्ठावीस दिवसांत न वाळणारा गिलावा मी जन्मात पाहिला नाही." गवंडीकाका मागच्याच बाकावर होते. ते चहा अर्धा ठेवून उठले, आमच्याकडे आले, कोऱ्या झालेल्या भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं, तर प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब, टपोरे, मोजून घ्यावेत असे. भिंत वाळलेली असती तर आत काही दिसलं नसतं. त्यांनी थेंबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आत्या, ते बघणं मला बघवलं नाही. बाबांना म्हणाले, "रविवारी दहाला त्या चौघांना बोलवा. सगळ्यांदेखत मी माझा गिलावा फोडतो. मालाचं प्रमाण चुकलं असेल तर पुन्हा थापी धरणार नाही." दवाखान्याच्या नव्या खोल्यांचं काम त्यांच्याकडे होतं, ते दुसऱ्याला द्यायचं घाटतंय असं ऐकतो. समोरची खिडकी त्या दिवसापासून बंद आहे. कुंड्यांना पाणीही कुणी घालत नाही.

तेव्हा कृपा करून एवढंच कळव. आतोबांनी जन्मभर रंग विकले, तूही दुकानात बसायचीस. ओल्या भिंतीवर रंग धरवायचा काही रामबाण उपाय (ओल्या नव्हे, साध्या. साध्या भिंतीवर) तुला माहीत असेल तर उलट टपाली लिही. रविवारच्या आत रंग चिकटला तर कुणाला काही फोडायची गरजच पडणार नाही.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक दे. उभ्यानेच पुन्हा नमस्कार.

तुझा भाचा,
भडक्या

ता. क. (गुरुवार) – पाकीट चिकटेना. गोंद वाळून गेलाय. या घरात काहीच कशाला चिकटत नाही. पाकीट उघडंच आहे तर आत एक ओळ वाढवतो, आणि ती वाचताना तोंडातून आवाज काढू नकोस, तुझे शेजारी जागे आहेत. वर मी "मन लावून पाणी मारलं" असं लिहिलंय. किती दिवस ते लिहायचं राहिलं. अठ्ठावीस. सातव्या दिवशी मला थांबायचं होतं, देवाशप्पथ. पण सातव्या दिवशी संध्याकाळी तिने तांब्या ठेवता ठेवता माझ्याकडे पाहून जरासं (फार नाही, शेवंतीच्या पानाएवढं) हसून घेतलं. आता आठव्या दिवशी मी नळी न घेता खिडकीत उभा राहिलो असतो तर लोक काय म्हणाले असते? नळी हातात असली की माणूस कामात दिसतो. तर रंग लावायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं. गवंडीकाकांचा हात गेलेला नाही. मी सांगितलं तर मला सांगावं लागेल की मी पाणी कशासाठी मारत होतो, आणि ते त्या मुलीच्या बापाला, तेही चौघांसमोर! नाही सांगितलं तर तो माणूस आपल्याच हाताने आपली भिंत फोडणार. आत्या, उपाय वगैरे राहू दे. शनिवारच्या गाडीने तूच ये. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. तू त्यांच्या शेजारी नुसती बस, मी बोलेन. बहुतेक बोलेन.

ता. क. २ (शनिवार) – पत्र अजून खिशातच आहे. काल टाकायला निघालो होतो, पण पेटी येईपर्यंत माझा धीर संपला आणि मी पेटीला वळसा घालून परत आलो. आज पुन्हा निघालो, तर जिन्याच्या तोंडाशी ती. केसांत पेन्सिल. आत्या, महिनाभर मी मनातल्या मनात हा प्रसंग रंगवत होतो. ती पहिलं वाक्य काय बोलेल, मी काय बोलेन, सगळं ठरलेलं होतं. ती म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" मी म्हणालो, "काय?" ती म्हणाली, "मला अठ्ठावीसपर्यंत मोजता येतं." मी म्हणालो, "मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले. अण्णा चार दिवस जेवले नाहीत." (अण्णा म्हणजे गवंडीकाका.) आणि गेली. एवढंच. यात प्रेमाचा एक शब्द नाही, मी चारदा तपासून पाहिलं. माझ्या डोक्यात आग आहे ती कुणावरही निघते, पण आज पहिल्यांदा ती माझ्याकडेच तोंड करून उभी राहिली. उद्या दहाला मी सांगणार. तू ये अगर न ये. (आली असतीस तर बरं झालं असतं.)

ता. क. ३ (रविवार, दुपार) – वरची विनंती रद्द समज. ती पानं फाडणारच होतो, पण कागद पाठपोट लिहिलाय. दहाला टपरीवरचे चौघे आले, गवंडीकाका छिन्नी-हातोडा घेऊन आले, बाबा हाताची घडी घालून उभे. काकांनी छिन्नी भिंतीला लावली आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. मनात चांगलं भाषण होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, फोडायचंच असेल तर मला फोडा." मग सगळं सांगून टाकलं. नळी, वीस मिनिटं, अठ्ठावीस दिवस. का, ते सांगायच्या आधीच बाबांचा बांध फुटला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते थेट माझ्याशी बोलले. आईला मध्ये न घेता! म्हणाले, "दिवसाला चाळीस मिनिटं? एकवीस दिवस जास्तीचे? अरे, जन्म गेला माझा लोकांच्या दारावर 'पाणी जपून वापरा'ची पाटी ठोकण्यात! माझ्याच घरात?" आणि तिथल्या तिथे बोटांवर लिटर मोजायला लागले. भिंत, रंग, प्रेम, अब्रू, कशाचंच त्यांना काही नव्हतं. पाण्यासाठी मात्र डोळ्यांत पाणी आलं. मग मोजता मोजता थांबले, गवंडीकाकांपुढे गेले आणि त्याच चौघांदेखत म्हणाले, "हात तुमचा गेला नव्हता. जीभ माझी गेली होती." काकांनी छिन्नी खाली ठेवली. आत्या, बाबांनी कुणाची माफी मागताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फार वाईट मागतात, पण मागतात.

मग काका मला म्हणाले, "सगळा रंग खरवडून काढायचा. खिडक्या उघड्या टाकायच्या. प्लास्टिक लावून थेंब दिसेनासे होईपर्यंत पाण्याचं नावही काढायचं नाही. मग काचकागद मारून, धूळ पुसून, पहिला हात पातळ. आता एक सांग, सात दिवस सांगितल्यावर अठ्ठावीस कशाला मारलं?" मी खाली वाकून सालपटं गोळा करायला लागलो. ते खिडकी उघडायला गेले आणि उघडून तिथेच थांबले. समोर त्यांची गॅलरी, आणि अंधारात जाऊन अंधारात येणाऱ्या त्या माणसाने महिन्याभरात प्रथमच ती उजेडात पाहिली. अकरा कुंड्या. गुलाब पिवळा पडून गळालेला, कोरफडीचा चिखल झालेला, शेवंती मुळापासून कुजलेली. आणि टोकाला निवडुंग, मेणबत्ती वितळावी तसा कमरेतून वाकून गजांवर टेकलेला. काकांनी तो निवडुंग पाहिला. मग हळूच म्हणाले, "हिला मीच सांगितलं होतं, समोरचा पोरगा पाणी मारतो की नाही, लक्ष ठेव." जरा थांबून म्हणाले, "सात दिवस."

चौघेही खिडकीशी आले. बाबा आले. आई शिकवणीतली मुलं सोडून आली. ती गॅलरीत उभी होती. मान खाली वगैरे काही नाही. काकांनी घसा साफ केला आणि मला बजावलं, "सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. ही सोडून." आणि खिडकी लावायला हात घातला, तर समोरून आवाज आला, "अण्णा, वारा आरपार गेल्याशिवाय भिंत वाळत नाही. तुम्हीच सांगता." चाळीस वर्षं थापी धरलेला माणूस, आणि चार माणसं ऐकतायत. धंद्यातलं खरं ते खरं. काकांनी खिडकीवरचा हात काढला आणि म्हणाले, "उघडी राहू दे. पण खरवडताना तोंड भिंतीकडे."

ता. क. ४ (सोमवार) – सकाळपासून खरवडतो आहे. तोंड भिंतीकडेच आहे, कारण ओल इतकी आहे की भिंत चांगली पंधरा-वीस दिवस वाळायला घेणार, आणि मला काही घाई नाही. तुला यायचं असेल तर आता सावकाश ये. येताना एकच कर. तुझ्या गच्चीवर ते निवडुंग आहेत ना, त्यातलं एक चांगलं काटेरी रोप कुंडीसकट आण, समोर देताना मी दिलं असं म्हणू नकोस, तू दिलंस असं म्हण. आणि त्याला पाणी कधी घालायचं ते कागदावर ठळक लिहून दे.

दोन कागदांवर लिही.